ट्रेनरला (शिकण्यासाठीचं रिमोट कंट्रोल विमान) ग्लो इंजिन की इलेक्ट्रिक? किती मिनिटं उडणार त्याचा हिशोब

४० साइझच्या (०.४० घन इंच इंजिनच्या) ग्लो ट्रेनरला, म्हणजे मिथेनॉलच्या फ्युएलवर चालणाऱ्या इंजिनच्या विमानाला, साधारण ३०० मिलीची टाकी बसते, थ्रॉटल जपून वापरला तर १२-१५ मिनिटं आरामात मिळतात, आणि उतरल्यावर फ्युएल भरलं की लगेच पुढची फ्लाइट. पण हवेत असताना किती उरलंय ते दिसत नाही ना, टाकी संपत आली की आतला क्लंक (फ्युएल ओढणाऱ्या नळीच्या टोकाचं वजन) हवा ओढायला लागतो, इंजिनचा आवाज चढतो आणि बंदच पडतं, मग ग्लाइड करत उतरवा. शिवाय रिसीव्हरची (विमानातला रिमोटचे सिग्नल घेणारा भाग) बॅटरी वेगळी असते, ती चेक कराच, इंजिन बंद पडलं तरी विमान उतरवता येतं, ती गेली तर कंट्रोलच गेला.

इलेक्ट्रिक फोम ट्रेनरला ३ सेल २२०० एमएएच लिपो बॅटरीवर (लिथियम पॉलिमर) ८-१० मिनिटं धरा. इथे पॅक, म्हणजे ही बॅटरी, पूर्ण संपवायचाच नसतो, २०-३० टक्के शिल्लक ठेवून उतरायचं, नाहीतर पॅक फुगतो.

नवशिक्याला मी इलेक्ट्रिकच सांगेन, वेळ कमी मिळतो पण अंदाज पक्का लागतो. सुरुवातीला ट्रान्समीटरवर (हातातला रिमोट) ५ मिनिटांचा टायमर लावा, उतरल्यावर सेल चेकर (प्रत्येक सेलचा व्होल्टेज दाखवणारा छोटा मीटर) लावून बघा, प्रत्येक सेल ३.८ व्होल्टच्या आसपास असेल तर अर्धा मिनिट वाढवा.