चवथीचा अमेरिका दौरा आणि माणशी साठ हजारांचं ‘परमिट’

एजंटचा फोन येतो तो चवथीच्या दोन-तीन महिने आधी. अमेरिकेतल्या एका मराठी मंडळाचा गणेशोत्सव आहे, अभंग आणि नाट्यगीतं हवीत, पेटी-तबल्यासकट सहा जण चालतील. तिकीट मंडळाचं, मानधन डॉलरमध्ये. ‘वर्क परमिट’चे तेवढे माणशी साठ हजार. “बुवा, तुम्ही फक्त पासपोर्ट द्या, बाकी मी बघतो.” गोव्यातल्या फोंडा, म्हार्दोळ, माशेल भागातल्या भजनी कलाकारांना यात खोट दिसत नाही, कारण मंडळ खरं असतं, त्याची वेबसाइट असते, गेल्या वर्षीचे फोटोही असतात. या दौऱ्याचा पत्ता मात्र त्या मंडळालाच नसतो. वेबसाइटवरच्या पत्त्यावर स्वतः एक ईमेल टाकली तर बहुतेक प्रकरणं तिथंच संपतील. एजंटने दिलेल्या नंबरावर फोन करून काही कळत नाही. पलीकडे त्याचाच माणूस असतो.

मुळात कलाकाराने पैसे मोजून विकत घ्यावं असं परमिट तिथं नसतंच. आपल्यासारख्या पारंपरिक कलेसाठी पी-३ व्हिसा असतो आणि त्याचा पहिला अर्ज, म्हणजे फॉर्म आय-१२९, अमेरिकेतला यजमान किंवा त्याचा तिथला एजंट करतो. त्यासोबत करार, कार्यक्रमांच्या तारखा, कलेबद्दल जाणकारांची पत्रं आणि तिथल्या वादकांच्या संघटनेचं मत जोडावं लागतं. मंजुरीची नोटीस आय-७९७ आली की मगच कलाकाराची पाळी: डीएस-१६० हा व्हिसाचा ऑनलाइन अर्ज, २०५ डॉलर शुल्क आणि मुंबईच्या वकिलातीत मुलाखत.

आय-७९७ची खोटी पीडीएफ बनवणं पोरखेळ आहे. तिच्यावरचा पावती क्रमांक बघा: तीन रोमन अक्षरं आणि पुढे दहा अंक. तो अमेरिकन इमिग्रेशन खात्याच्या संकेतस्थळावर फुकट तपासता येतो. पण ‘केस सापडली’ एवढ्यावर खूश होऊ नका. भामटे दुसऱ्याच कुणाचा खरा क्रमांकही चिकटवतात. संकेतस्थळावर त्याखाली येणारा मजकूर वाचा. तिथं आय-१२९ऐवजी भलत्याच फॉर्मचं नाव असेल तर कागद तुमचा नाही.

ब्रिटनच्या नावाखाली याहून देखणा माल खपतो: मुकुटाची मोहोर असलेलं, लॅमिनेट केलेलं ‘सर्टिफिकेट ऑफ स्पॉन्सरशिप’. खरं सर्टिफिकेट कागदी नसतंच. ती संगणकातली नोंद असते आणि कलाकाराला मिळतो फक्त तिचा क्रमांक. तो देणारी संस्था परवानाधारक प्रायोजकांच्या सरकारी यादीत असावी लागते आणि ती यादी कुणालाही उघडून बघता येते.

पैसे गेले, इथवर गोष्ट थांबली तर नशीबच म्हणायचं. तारीख जवळ आली की एजंट सांगतो, “परमिट अडकलंय, तूर्त टुरिस्टवर चला. विचारलं तर भाच्याचं लग्न सांगा.” मुलाकडे जाण्यासाठी ज्यांनी दहा वर्षांचा व्हिसा आधीच काढून ठेवलाय, ते यात आधी सापडतात. विमानतळावर सामानात तबला-डग्गा निघतो आणि फेसबुकवर तिकीटविक्रीचं पोस्टर. खोटी माहिती दिल्याचा शेरा बसला की अमेरिकेची बंदी कायमची. ब्रिटनमध्ये दहा वर्षांपर्यंत. शेरा बसतो तो ज्याच्या नावाने अर्ज आहे त्याच्यावर. एजंटचं नाव त्यात कुठेच नसतं.

कधी सहा जणांच्या यादीत हळूच आठ होतात. “दोन टाळकरी आमचे.” हीच ती कबुतरबाजी, म्हणजे कलाकारांच्या आडून भलतीच माणसं परदेशी घुसवणं. भजनी ठेक्याच्या मात्रा न सांगता येणारा टाळकरी तिकडे उतरून गायब झाला की चौकशी पथकप्रमुखाची होते. यादीवर शेवटची सही स्वतः करा, तीही मधली रिकामी जागा रेघ मारून बंद केल्यावर.

आखातातल्या हॉटेलांत बँड वाजवायला नेणाऱ्यांचं गणित वेगळं. ती नोकरी ठरते, म्हणून एजंट भारत सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर नोंदलेला हवा आणि त्याची फी जास्तीत जास्त ३०,००० रुपये अधिक १८ टक्के जीएसटी, म्हणजे ३५,४००. व्हिजिट व्हिसावर न्यायची भाषा आली की उठून यावं.

डीएस-१६० एजंटच्या ईमेलवरून भरू देऊ नका. ‘एए’ने सुरू होणारा अर्ज क्रमांक आणि सुरक्षा प्रश्नाचं उत्तर आपल्याजवळ ठेवा, नाहीतर आत काय लिहिलंय ते कळणारही नाही. पैसे रोख देऊ नका. यूपीआयने वैयक्तिक खात्यात मागत असेल, तर पावती कुठल्या नावाने देणार ते आधी विचारा.

पैसे गेल्याचं कळताच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. वेळेत कळवलं तर रक्कम पुढे सरकण्याआधी गोठवता येते. मग पोलीस तक्रार, भारतीय न्याय संहितेच्या फसवणुकीच्या कलम ३१८ खाली. पासपोर्ट भारत सरकारची मालमत्ता आहे, त्यामुळे ‘राहिलेले पैसे द्या, मग देतो’ ही अडवणूक ऐकून घ्यायची नाही. तक्रारीत तीही लिहा. आणि डीएस-१६०मध्ये खोटं लिहून गेलंच असेल, तर मुलाखतीआधी नवा, खरा अर्ज भरता येतो. फक्त मुलाखतीच्या नोंदीत क्रमांक नव्या अर्जाचाच असायला हवा.