गिअरबॉक्सच्या तेलाचा कूलर: पुढे ग्रिलमागे की खाली पंख्यासकट?

मस्कतमध्ये जुनी ऑटोमॅटिक लँड क्रूझर घेतलेल्या माणसाची ‘ए/टी ऑईल टेम्प’च्या, म्हणजे गिअरबॉक्सचं तेल फार तापल्याचं सांगणाऱ्या दिव्याशी ओळख व्हायला ओमानच्या वाहिबा वाळवंटातली एक दुपार पुरते. तो दिवा साधारण १५० अंशांना लागतो. म्हणजे पेशंट तापात बडबडायला लागल्यावर डॉक्टरला फोन करण्यातला प्रकार! माझी १९९६ची ८० सिरीज, साडेचार लिटर पेट्रोल. हिला मी दोन्ही प्रकारचे कूलर लावून बघितलेत. आधी खाली चॅसीला पंखावाला, तीन वर्षं. आता पुढे रेडिएटरसमोरचा, त्याचा हा चौथा उन्हाळा.

कूलरवर पैसे घालण्याआधी एक फुकटचा उपाय: वाळूत लो रेंज लावा, म्हणजे फोर-व्हील ड्राइव्हचा हळू पण जास्त जोराचा गिअर. हाय रेंजमध्ये टेकाड चढताना टॉर्क कन्व्हर्टर (इंजिनाचा जोर तेलामार्फत गिअरबॉक्सला देणारा भाग) नुसता घसरत राहतो आणि पेट्रोल जातं ते तेल तापवण्यात. आमच्यातले निम्मे लोक ‘लो रेंज फक्त दगडांसाठी’ म्हणतात आणि मग बॉनेट उघडून उभे राहतात. पण भर उन्हात एवढ्याने भागत नाही, हेही खरं. रेडिएटरच्या पोटातला मूळचा कूलर कूलंटवर चालतो, आणि कूलंटच नव्वदीच्या घरात असेल तर तेल त्याच्या खाली कसं येणार?

पंखावाल्या कूलरची कल्पना मला तेव्हा फार पटली होती. गाडी रांगत असली तरी त्याला स्वतःचा वारा, पुढच्या एसीच्या कंडेन्सरशी, म्हणजे एसीची उष्णता बाहेर टाकणाऱ्या जाळीशी, भांडण नाही. पहिलं वर्ष सुखाचं गेलं. माझ्याकडे गेज नाही. गिअर लिव्हरच्या बुडाशी हात ठेवायचा, हे माझं थर्मामीटर. पूर्वी तिथे तवा असायचा, तो कोमट झाला.

दुसऱ्या वर्षी एका वादीतून (इकडची डोंगरातली नदीची घळ) पाणी कापून आलो आणि पुढच्याच वाळूच्या फेरीत दिवा लागला. पंख्याच्या वायरिंगच्या सॉकेटला गंज चढला होता. सॉकेट बदलून घेतलं, पण मनातली शंका जाईना. काचा वर, एसी सुरू, वाळूत इंजिनाचा आवाज, त्यात खालचा पंखा फिरतोय की नाही हे सीटवर बसून कळणार कसं? म्हणून दर टेकाडामागे थांबायचं, उतरायचं आणि तापल्या वाळूत गाडीपुढे साष्टांग घालून कान लावायचा. मित्रांनी त्याला ‘आरती’ नाव ठेवलं. डॅशबोर्डवर एखादा इंडिकेटर बसवून हे टळलं असतं, मान्य. पण मग त्या इंडिकेटरची वायर गंजली तर? मी कंटाळलो, दुसरं काही नाही.

पुढचा प्लेटवाला कूलर बिनबोभाट आहे. त्याला मोटर नाही, फ्यूज नाही. इंजिनाचा स्वतःचा पंखा त्याच्यातूनही वारा ओढतो, त्यामुळे हळू चालतानाही तो अगदीच उपाशी राहत नाही. उणीव एकच आणि ती लपवत नाही: त्याची धग कंडेन्सरवर जाते. आई इचलकरंजीहून आली होती तेव्हा जुलैमध्ये मस्कतमधल्या रुवीच्या सिग्नलला मागून आवाज आला, “एसी बंद केलास का रे?” केला नव्हता. नंतर मी कूलर एका बाजूला सरकवून घेतला, कंडेन्सरपासून दोन बोटं अंतर सोडून. आता फरक पडलाय, आईने पुन्हा तक्रार केलेली नाही.

रेडिएटरमधला कूलर पूर्ण वगळायचा का, यावर मात्र इथे दोन तट आहेत. आतून तो गळला तर कूलंट आणि तेल एक होऊन गुलाबी मस्तानी तयार होते, आणि ती प्यायलेला गिअरबॉक्स क्वचितच वाचतो. म्हणून काही जण तो काढूनच टाकतात. मी रेडिएटर नवा घातला आणि तेल आधी त्यातून, मग पुढच्या कूलरमधून नेलं. रेडिएटर गाडीइतकाच जुना असेल तर आधी तो बदला, कूलरचं नंतर बघू.

तुमच्या बंपरवर विंच (अडकलेली गाडी ओढायचं यंत्र) असेल, वर दिव्यांची रांग असेल आणि पुढे वाऱ्याला वाटच नसेल, तर खालचाच बरा पडेल कदाचित. दगडाचा मार बसू नये म्हणून त्याला पत्र्याचं कवच मात्र करून घ्या. शहरातच फिरत असाल आणि वर्षातून एकदा जबल अखदरच्या डोंगरात जात असाल, तर मला वाटतं दोन्हींची गरज नाही. वेळेवर तेल बदललंत तरी पुष्कळ.

माझा काढलेला पंखावाला कूलर अजून बाल्कनीत पडून आहे. कुणाला हवा असेल तर घेऊन जा, सॉकेट नवं आहे.