हेड स्पीड एमपी: आठ महिने खेळून झाल्यावर

आठ महिने झाले हेड कंपनीची ही टेनिस रॅकेट घेऊन. आठवड्यातून चार दिवस सकाळी सहा ते साडेसात कोर्टवर असते, मधे पावसाने खाडे झाले ते सोडून, त्यामुळे आता लिहायला हरकत नाही असं वाटतं. घ्यायच्या आधी मी जे जे रिव्ह्यू वाचले त्यातून एवढंच कळायचं की दिसायला भारी आहे. दिसायला भारी आहेच, अर्धी काळी अर्धी पांढरी, पण समोरून जोरात सर्व्हिस आली आणि आपण बॅकहँडने अडवली की मनगटाला काय जाणवतं हे कुणी लिहीतच नाही, आणि मला तर तेच हवं होतं.

माझ्याबद्दल थोडं सांगते म्हणजे रिव्ह्यू कुणाचा आहे ते कळेल. वय पंचेचाळीस, बँकेत नोकरी, राहायला कोथरूडला, टेनिस शिकले ते सदतिसाव्या वर्षी. सर्व्हिस साधी आहे, फोरहँड बरा. सगळा गेम रिटर्नवर आणि दोन हातांच्या बॅकहँडवर, समोरच्याला एक बॉल जास्त खेळायला लावायचा बास. असं खेळणाऱ्या बाईला टीव्हीवर आपला माणूस म्हणून कोण दिसणार, नोव्हाक जोकोविचच दिसणार.

आमच्या क्लबात फेडररवाले जास्त, त्याखालोखाल नदालवाले, आणि जोकोविचसाठी टाळ्या वाजवणारी मी एकटी. १४ जुलै २०१९ चा रविवार आठवतोय का? त्या दिवशी लॉर्ड्सवर इंग्लंड-न्यूझीलंड वर्ल्ड कप फायनल आणि तिकडे विम्बल्डनला फेडरर-जोकोविच, एकाच संध्याकाळी. आमच्याकडे रिमोटवरून भांडणं चालली होती. पाचव्या सेटमध्ये ८-७, ४०-१५, सर्व्हिस फेडररची, म्हणजे दोन चॅम्पियनशिप पॉइंट, सगळे उभे राहिले होते. पहिल्याला फेडररचा फोरहँड बाहेर गेला. दुसऱ्याला तो नेटवर आला आणि जोकोविचने क्रॉसकोर्ट फोरहँड त्याच्या बाजूने काढला, एवढा शांतपणे की जणू तिसरा गेम चाललाय. शेवट १३-१२, चार तास सत्तावन्न मिनिटं. अख्ख्या मॅचमध्ये फेडररने चौदा पॉइंट जास्त जिंकले होते तरी तो हरला, कारण तिन्ही टायब्रेकर जोकोविचने घेतले आणि त्या तिन्हींमध्ये मिळून त्याने एकही अनफोर्स्ड एरर, म्हणजे दबाव नसताना स्वतःहून केलेली चूक, केली नाही. एकही नाही! लोक म्हणतात फेडररचं नशीब वाईट, पण मला हे नशीब वाटतच नाही, जिथे बाकीच्यांचा हात आखडतो तिथे याचा मोकळा होतो.

तर अशा माणसाची रॅकेट म्हणून मी स्पीडकडे गेले. इथे एक गोष्ट स्पष्ट करते कारण क्लबमध्ये मला चार जणांनी विचारलं, की जोकोविचच्या हातात असते ती नेमकी ही रॅकेट नाही. मोठ्या खेळाडूंच्या रॅकेट त्यांच्या मापाने वेगळ्या तयार होतात, शिशाच्या पट्ट्या लावून वजन वाढवलेलं असतं, रंग फक्त दुकानातल्यासारखा. तो २००८ ला पहिली ऑस्ट्रेलियन ओपन जिंकला तेव्हा तर विल्सन कंपनीच्या रॅकेटने खेळत होता, हेड कंपनीकडे आला २००९ पासून. आणि ती पहिली दोन वर्षं त्याला जडच गेली, सर्व्हिस बिघडली होती, डबल फॉल्ट पडायचे, नंबर तीनवर अडकलाय पुढे काही जाणार नाही असं सगळे बोलायला लागले होते. मग डिसेंबर २०१० ला बेलग्रेडमध्ये फ्रान्सला ३-२ हरवून त्याच्या सर्बियाने डेव्हिस कप, म्हणजे देशादेशांमधली टेनिस स्पर्धा, जिंकला, टीमने टक्कल केलं, आणि जानेवारीपासून हा जो सुटला तो सलग ४१ मॅच जिंकूनच थांबला. २०११ च्या त्या एका वर्षात तीन ग्रँड स्लॅम आणि जुलैत नंबर एक.

आता रॅकेट. स्पीड एमपी म्हणजे १०० स्क्वेअर इंचाचं हेड (तारांचा भाग), वजन ३०० ग्रॅम, तारा १६ उभ्या १९ आडव्या. हे वजन बिनतारेचं, गटिंग केलं, म्हणजे तारा ओवून ताणल्या, की सोळा-अठरा ग्रॅम वाढतात, वर ओव्हरग्रिप (मुठीवरची पट्टी) आणि डॅम्पनर (तारांचा थरथराट कमी करणारा रबर), म्हणजे हातात येते तेव्हा ३२० च्या पुढेच. याच्या वर स्पीड प्रो आहे, ३१० ग्रॅम, १८ बाय २०, ती मी दोन दिवस डेमोला आणली होती, छान आहे पण दुसऱ्या सेटला माझा खांदा बोलायला लागला. खाली हलकी मॉडेल आहेत, स्पीड टीम वगैरे, नवीन शिकणाऱ्यांनी तिथूनच सुरू करावं. एमपी मधली. कंपनी ऑक्सेटिक म्हणून जे सांगते ते साधारण असं की रॅकेटच्या घशाशी एक रचना बसवलीय, जी ओढली की अरुंद व्हायच्या ऐवजी रुंद होते, त्यामुळे बॉल लागल्याचा फील चांगला कळतो. शास्त्र कंपनीला माहीत, हाताला मात्र फरक कळतो. बॉल मधोमध लागला की आवाज ठप्प असा भरीव येतो, जरा वर लागला की लगेच समजतं वर लागला, आणि तरी फ्रेम हातात फिरत नाही.

माझी जुनी रॅकेट ११० इंची, अगदी हलकी, नुसता हात लावला तरी बॉल उडायचा. पहिले दोन आठवडे म्हणूनच वैताग आला. सगळे बॉल सर्व्हिस लाईनवर पडत होते. आमच्या क्लबचे मार्कर, म्हणजे मेंबरांना खेळवणारे, चाळीस वर्षं कोर्टवर काढलेला माणूस, त्यांनी सांगितलं, "मॅडम, रॅकेट बरोबर आहे, तुम्ही खांदा उशिरा वळवताय. जुन्या रॅकेटने मारायची गरज नव्हती, आता मारावं लागेल." मग महिनाभर एकच काम, ते बॅकहँडला सर्व्हिस टाकणार, मी रिटर्न करणार, रोज साठ बॉल.

आणि तेव्हा कुठे जोकोविचचं रिटर्न मला खऱ्या अर्थाने दिसायला लागलं. इतकी वर्षं बघत होते पण दिसत नव्हतं. समोरचा बॉल मारायच्या क्षणी छोटीशी उडी, पाय जमिनीला लागता लागता खांदा वळलेला, आणि मागे स्विंग जवळजवळ नाहीच, येणाऱ्या बॉलचाच जोर वापरून तो बॉल सर्व्हिस करणाऱ्याच्या बुटांपाशी परत. तो बिचारा अजून सरळ उभा राहत असतो तोवर बॉल पायात. लांब ताणून टाकलेला बॉलसुद्धा हार्डकोर्टवर घसरत जाऊन काढतो, आणि घोटे मोडत कसे नाहीत याचं उत्तर म्हणजे हा डोंगरातला पोरगा, लहानपणापासून स्कीइंग केलेला. या रॅकेटने मला तेच करायला भाग पाडलं (घसरणं सोडून). स्विंग छोटा ठेवला, वेळेवर वळले, की बॉल बेसलाईनच्या हातभर आत पडतो, आणि जोराच्या सर्व्हिसपुढे रॅकेट मागे ढकलली जात नाही. पाचव्या आठवड्यात क्लबातल्या सगळ्यात जोरदार सर्व्हिसवाल्याला मी एकाच गेममध्ये तीन रिटर्न पायात टाकले. मी रात्री तेच आठवत झोपले.

गटिंगबद्दल मात्र नीट वाचा, कारण इथे माझं नुकसान झालं. जोकोविच उभ्या तारा नॅचरल गटच्या आणि आडव्या पॉलिएस्टरच्या वापरतो. नॅचरल गट म्हणजे गाईच्या आतड्यापासून केलेली तार, ती मला वापरवणार नाही, ज्याला चालते त्याने वापरावी, फील तिच्यासारखा दुसऱ्या कशाला नाही असं सगळे सांगतात. तर मी एका दुकानात (नाव नाही लिहीत) विचारलं की त्याच्यासारखं कंट्रोल हवंय, त्यांनी काही न विचारता उभ्या-आडव्या सगळ्या तारा पॉलिएस्टरच्या, ५८ पाउंडला ताणून दिलं. तीन आठवड्यात कोपर धरलं. किटलीतला चहा ओतता येईना, बँकेत फाईल उचलताना कळ यायची. रॅकेटचा यात काहीही दोष नव्हता, माझ्या वयाच्या हाताला ती तारच चुकीची होती, आणि हे मला गटिंग करणाऱ्याने विचारायला हवं होतं, वय काय, आठवड्याला किती खेळता, आधी कोपर दुखलंय का. नंतर दुसऱ्या ठिकाणी एका वयस्कर गृहस्थांनी हे सगळं विचारलं, मल्टिफिलामेंट (बारीक धाग्यांची मऊ तार) घातली, ५२ वर ठेवली, आणि पट्टा बांधून व्यायाम करत दीड महिन्यात हात सुधारला.

त्या दीड महिन्यात मी जोकोविचचं २०१८ पुन्हा वाचून काढलं. त्याचंही उजवं कोपर. त्याला ऑपरेशन नको होतं, शरीर आपलं आपण बरं होतं यावर त्याचा विश्वास, शेवटी फेब्रुवारी २०१८ ला करावंच लागलं आणि त्यानंतर तो दोन-तीन दिवस रडला, हे त्याने स्वतः सांगितलंय. रँकिंग वीसच्या बाहेर गेलं. आणि त्याच जुलैत २१ व्या नंबरवरून विम्बल्डन जिंकला, वर्षाच्या शेवटी परत नंबर एक. नंबर एकवर त्याचे एकूण ४२८ आठवडे झालेत, म्हणजे आठ वर्षांच्या वर, आणि स्लॅम २४. आकडे सगळ्यांना पाठ असतात, पण मला त्या २४ पेक्षा ते विम्बल्डन मोठं वाटतं.

त्याचं सगळं पटतं असं नाही. २०२३ च्या विम्बल्डन फायनलला स्पेनच्या अल्काराझने पाचव्या सेटमध्ये याची सर्व्हिस मोडल्यावर रॅकेट नेटच्या खांबावर आपटून मोडली ते मला अजिबात आवडलं नाही. करोनाची लस घेतली नाही तेही नाही पटलं, त्यापायी २०२२ ला ऑस्ट्रेलियाने परत पाठवलं. पण मग ती बॅगेची गोष्ट आठवते. १९९३ साल, सर्बियातल्या कोपाओनिकच्या डोंगरात आईवडिलांचं पिझ्झाचं हॉटेल, समोरच टेनिस कोर्ट झालेले, तिथे येलेना गेंचिच नावाच्या बाई शिबिर घ्यायच्या, एकेकाळच्या नंबर एक मोनिका सेलेसला घडवणाऱ्यांपैकी एक. सहा वर्षांचा पोरगा आला, बॅगेत रॅकेट, टॉवेल, पाण्याची बाटली, केळं, मनगटाचा पट्टा, सगळं व्यवस्थित. बाईंनी विचारलं आईने भरली का, तर याला राग आला, मीच भरली म्हणाला. पुढे १९९९ ला बेलग्रेडवर ७८ दिवस बॉम्ब पडले, तेव्हा आदल्या रात्री जिथे हल्ला झाला तिथे शेजारीच दुसऱ्या दिवशी प्रॅक्टिस, कारण लागोपाठ तिथेच परत टाकणार नाहीत असा हिशोब. अकरा-बारा वर्षांचा होता. २०१३ ला फ्रेंच ओपन चालू असताना बाई गेल्या, एक मॅच जिंकून आल्यावर त्याला कळवलं.

आणि ४ ऑगस्ट २०२४. गुडघ्याचं ऑपरेशन होऊन दोन महिने, वय ३७, समोर २१ वर्षांचा अल्काराझ, ऑलिम्पिक फायनल, ७-६ ७-६, दोघांची एकदाही सर्व्हिस मोडली नाही. २००८ ला बीजिंगला ब्राँझ मिळालं होतं, गोल्डसाठी सोळा वर्षं थांबला. जिंकल्यावर मातीवर गुडघे टेकून हात थरथरत होते त्याचे, आणि इकडे मी सोफ्यावर रडत होते. त्याच महिन्यापासून रॅकेटसाठी पैसे बाजूला टाकायला लागले.

किंमत मला साडेअठरा हजार पडली, गटिंग वेगळं. स्वस्त नाही. पहिल्यांदा एका साईटवरून मागवली होती तर एल टू ग्रिपच्या (मुठीच्या जाडीचं माप) ऐवजी एल फोर आली, परत करण्यात तीन आठवडे गेले, म्हणून दुकानातूनच घ्या आणि हातात धरून घ्या, बोटं आणि तळव्याच्या मधे दुसऱ्या हाताचं एक बोट बसलं की माप बरोबर. वर्षभर तरी नियमित खेळलेले, पूर्ण स्विंग घेणारे, बेसलाईनवरून खेळणारे, यांनी डोळे झाकून घ्यावी, इटलीचा सिनरही स्पीडच वापरतो. नेटवर जाऊन डबल्स खेळणाऱ्यांना कदाचित याहून हलकी बरी पडेल. मुलांना बारा-तेरापर्यंत देऊ नका, कितीही हट्ट केला तरी.

पाचपैकी साडेचार, अर्धा किमतीचा कापला. कोथरूड-कर्वेनगर भागात कुणाला घ्यायच्या आधी ट्राय करायची असेल तर कमेंटमध्ये लिहा, सकाळी सातच्या पुढे माझी देईन, दोन गेम खेळून बघा, फक्त बॅकहँड रिटर्नचे वीसेक बॉल नक्की मारा.