अमेरिकेतलं स्थलांतर शिकवणारा धुळ्यातला वर्ग

मुलीला या संध्याकाळच्या वर्गाला घातलं, त्याचं समाधान आहे. सर तारखा घोकून घेत नाहीत, खटलाच उभा करतात. पंजाबातून अमेरिकेत गेलेले भगतसिंग थिंड पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैन्यात होते, तरी 1923 साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने 'गोरे नाहीत' म्हणून त्यांना नागरिकत्वाला अपात्र ठरवलं. यावर पोरं तासभर भांडली! 1882चा चिनी मजुरांवरचा बंदी कायदा, सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या एंजल बेटावर प्रवेशासाठी अडकवलेल्या चिन्यांनी बराकीच्या लाकडी भिंतींवर कोरलेल्या कविता, तेही छान झालं. नोट्सच्या झेरॉक्स मात्र पुसट. नकाशे दिसतच नाहीत. शहाद्याकडून गुजरातेत मजुरीला जाणाऱ्या कुटुंबांबद्दल मुलगी आता स्वतःहून विचारते: त्यांच्या पोरांची शाळा कुठे, रेशन कुठे? फी जरा जास्त आहे, पण अकरावी-बारावीच्या मुलांना जरूर घाला.