पोलराइज्ड गॉगल मस्त, पण स्कूटीचं मीटर गायब!

नाशिकला एमजी रोडच्या एका दुकानातून बाराशेला पोलराइज्ड गॉगल घेतला, अख्खा उन्हाळा वापरून मग लिहितोय. आधी चांगलं ते सांगतो. सेकंड शिफ्टला सातपूरला जाताना त्र्यंबक रोडवर ऊन थेट तोंडावर येतं, तिथे डांबराची पांढरी चकाकी बऱ्यापैकी मरते, डोळे बारीक करून गाडी हाणावी लागत नाही. गंगापूर धरणाच्या बॅकवॉटरला तर मजाच, काठाला पाण्याखालचे दगड दिसायला लागतात. पाण्यावरून, रस्त्यावरून तिरका परावर्तित झालेला उजेड बराचसा आडव्या दिशेने कंप पावतो आणि ही काच आडवा अडवून उभाच आत सोडते, बस्स.

आता भानगड. माझ्या स्कूटीला डिजिटल मीटर आहे आणि मान जरा तिरकी केली की स्पीड, पेट्रोल सगळं काळंठिक्कर! दुकानदार म्हणे, मीटर गेलं असेल साहेब. अहो कुठलं काय. हे मीटर म्हणजे एलसीडी, कॅल्क्युलेटरसारखंच. त्यात दोन पोलरायझर असतात, म्हणजे गॉगलच्या काचेसारखे एकाच दिशेचा उजेड सोडणारे पडदे, मधे केसापेक्षा कितीतरी पातळ असा लिक्विड क्रिस्टलचा थर (द्रवासारखा वाहणारा, पण रेणू शिस्तीत लागलेले असा पदार्थ), त्यातले रेणू एका काचेपासून दुसऱ्या काचेपर्यंत ९० अंशांचा पीळ घेतात, उजेडही त्या पिळाबरोबर वळतो म्हणून पुढच्या पोलरायझरमधून बाहेर पडतो, आणि जिथे व्होल्टेज दिलं तिथला पीळ सुटला की उजेड अडकतो, तोच आपल्याला काळा आकडा दिसतो. ही पिळाची आयडिया १९७० ची, शाड्ट आणि हेल्फ्रिख या संशोधकांची, स्वित्झर्लंडमधली. म्हणजे मीटरमधून निघणारा उजेड आधीच एका दिशेचा, त्यात आपला गॉगल तिसरा पोलरायझर, तो त्या दिशेला काटकोनात गेला की खेळ खल्लास.

हां, मे महिन्यात गाडी दिवसभर उन्हात उभी राहिली की गॉगल न घालताही मीटर काळं पडू शकतं, ते प्रकरण वेगळं. फार तापलं की लिक्विड क्रिस्टल साधं द्रव होतं, पीळच उरत नाही, सावलीत गार झालं की बहुतेक वेळा परत येतं. गंमत म्हणजे लिक्विड क्रिस्टलचा शोधच असा लागला, १८८८ मध्ये प्रागच्या रायनित्झर या वनस्पतिशास्त्रज्ञाने गाजरातल्या कोलेस्टेरॉलपासून बनवलेला पदार्थ तापवला तर १४५ अंशांच्या आसपास तो वितळून गढूळ झाला आणि १७८ च्या पुढे स्वच्छ, एकाच पदार्थाचे दोन वितळबिंदू! गाजर कुठे न् आपलं मीटर कुठे.

घेणार असाल तर दुकानदार गॉगलमधूनच दिसणाऱ्या लपलेल्या चित्राचं कार्ड दाखवतो, त्यावर जाऊ नका, त्याच्याच काउंटरवरचा कॅल्क्युलेटर मागा. गॉगल त्याच्यासमोर धरून हळूहळू फिरवा. एका कोनात अख्खी पट्टी काळी झाली तर माल पोलराइज्ड, नाहीच झाली तर नुसती रंगीत काच, रस्त्यावर दीडशेला मिळते तीच. काळी होण्यावरून यूव्हीचं काही कळत नाही, त्याचं वेगळं विचारा.

बाकी फ्रेम हलकी, हेल्मेटमध्ये कानाला टोचत नाही, कापड मात्र फालतू दिलंय. काट्याचं मीटर असेल तर डोळे झाकून घ्या, डिजिटल असेल तर पैसे द्यायच्या आधी गॉगल घालून बाहेर गाडीवर बसा, मान दोन्हीकडे वाकवून बघा.