मुलींच्या खतन्याविषयीचे चिपळूणमधील प्रशिक्षण: एका अंगणवाडी सेविकेचा अभिप्राय

अंगणवाडी सेविका, आशाताई आणि प्राथमिक शिक्षक यांच्यासाठी एका स्वयंसेवी संस्थेने गेल्या महिन्यात चिपळूणमध्ये मुलींच्या खतन्याविषयी एक दिवसाचे विनामूल्य प्रशिक्षण घेतले. बावीस वर्षांच्या नोकरीत किती प्रशिक्षणे झाली याची गणती नाही, पण हा विषय तिथे कधी निघाला नव्हता. गुहागर आणि दापोलीच्या सेविका आता मला विचारत आहेत की आपल्याकडे हे बोलवावे का. माझे उत्तर 'जरूर बोलवावे' असे आहे. मात्र दोन गोष्टी आधी ठरवून घ्याव्यात.

आपल्या देशात ही प्रथा प्रामुख्याने दाऊदी बोहरा समाजात आढळते. मुलगी साधारण सात वर्षांची झाली की तिच्या शिश्निकेवरील (योनीमुखाच्या वरच्या बाजूच्या लहानशा, संवेदनशील अवयवावरील) त्वचेचा भाग, आणि कधी शिश्निकेचाही, कापला जातो. 'अगदी थोडेच कापतात' हा नेहमीचा युक्तिवाद समोर आला, तेव्हा प्रशिक्षक ताईंनी तळहातावर तांदळाचा एक दाणा ठेवला आणि तो हात सगळ्यांसमोरून फिरवला. एवढ्याशा जागी, घाबरून हलणाऱ्या मुलीवर पाते चालवताना 'थोडे' कसे मोजणार, एवढेच त्यांनी विचारले. कापणारा हात डॉक्टरचा असला तरी मुलीला त्याचा आरोग्यदृष्ट्या काडीचाही फायदा नसतो आणि जागतिक आरोग्य संघटनेचा डॉक्टरांनी ते करण्यालाही विरोध आहे, हेही त्यांनी स्पष्ट केले.

या ताई त्याच समाजातल्या, आणि हे सगळे स्वतः भोगलेल्या. खाऊ घ्यायला जाऊ या असे सांगून आजीने त्यांना नेले होते. ती आजी त्यांच्यावर जीव टाकणारी होती, आपण नातीचे भलेच करतो आहोत असे तिला मनापासून वाटत होते, हे सांगताना त्यांच्या आवाजात राग नव्हता. मला या प्रशिक्षणाचे सर्वांत मोठे बळ इथे दिसले, कारण आजीला खलनायिका ठरवले की घराचे दार बंद होते आणि दाराआडची मुलगी एकटी पडते. आमच्यातल्या एकीने 'त्या लोकांचे असेच' असा सूर लावला, तेव्हा ताईंनी शांतपणे आठवण करून दिली की गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशातला पहिला कायदा १९८८ मध्ये आपल्या महाराष्ट्रालाच करावा लागला होता. त्यानंतर तो सूर पुन्हा निघाला नाही.

प्रशिक्षणातला सेनेगल या आफ्रिकी देशाविषयीचा भाग मला फार मोलाचा वाटला. तिथल्या मालिकुंडा बांबारा गावातील स्त्रियांनी आरोग्य आणि हक्कांविषयीच्या वर्गांनंतर १९९७ मध्ये ही प्रथा सोडल्याचे जाहीर केले. देंबा दियावारा या इमामांच्या मात्र लक्षात आले की एकट्या गावाने सोडून भागत नाही, कारण न कापलेली मुलगी सोयरिकीच्या गावात नाकारली जाईल. म्हणून ते नात्यागोत्याच्या गावांत पायी फिरले आणि त्या गावांचा एकत्र निर्णय घडवून आणला. सोयरिकीची गावे काय असतात, हे कोकणातल्या माणसाला वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

कायद्याचे सत्र मात्र कमी पडले. ते जेवणानंतर जेमतेम वीस मिनिटांत उरकले आणि पडद्यावरचा मजकूर इंग्रजीत होता. भारतात या प्रथेविरुद्ध स्वतंत्र कायदा नाही, २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयात याचिका दाखल झाली, २०१८ मध्ये ती घटनापीठाकडे गेली, आणि हे कृत्य बालकांच्या लैंगिक शोषणाविरुद्धच्या २०१२ च्या पोक्सो कायद्याखाली गुन्हाच ठरते अशी भूमिका सरकारच्या वतीने न्यायालयात मांडली गेली होती, एवढे कळले. एका शिक्षिकेने विचारले, की वर्गातली मुलगी मला विश्वासाने काही सांगेल आणि मी १०९८ या बालकांच्या मदत क्रमांकावर फोन करीन, तर तिच्या आईचे काय होईल आणि ती पुन्हा माझ्याशी बोलेल का? उत्तर म्हणून क्रमांक तेवढा पुन्हा सांगण्यात आला. आमची खरी अडचण तीच होती आणि त्यासाठी निदान तासभर हवा होता.

म्हणून बोलावणाऱ्यांनी दोन अटी घालाव्यात: कायद्याचा मजकूर मराठीत हातात मिळावा, आणि बालकल्याण समितीचे काम जाणणारी व्यक्ती दिवसभर हजर असावी. तारीखही मार्चमध्येच घ्यावी. मे महिन्यात मुली सुटीला नातेवाइकांकडे जातात, आणि सात वर्षांच्या मुलीच्या आईशी जे बोलायचे ते त्याआधीच बोलून झालेले असले पाहिजे.