गंजकी पद्मिनी घ्यावी का? काही महिने वापरल्यावर सांगतो: आधी दाराखालचे बॉक्स बघा

गेल्या आठवड्यात राधानगरी रस्त्याला मागचं डावं चाक पंक्चर झालं. दाराखाली जॅक लावला, दांडा फिरवायला लागलो, तर गाडी वर येईना. वाकून बघितलं तर जॅकचं डोकं पत्र्यात दोन बोटं आत गेलेलं आणि फाटलेल्या जागेतून तांबड्या खपल्या रस्त्यावर पडत होत्या. याच बाजूचं पत्राकाम मी गाडी घेतल्या घेतल्या करून घेतलं होतं, चोख पैसे मोजून. तेव्हापासून डोकं तापलंय. जुनी प्रीमियर पद्मिनी कार विकायला आहे, घेऊ का, असं विचारणारे बरेच आहेत. प्रत्येकाला फोनवर तुटक तुटक सांगण्यापेक्षा सगळं एकदाच नीट लिहितो.

माझी गाडी १९८६ ची, हँड गिअरची (गिअरचा दांडा स्टीअरिंगजवळ असतो ती), पेट्रोल. १०८९ सीसी, चाळीसएक हॉर्सपॉवर, चारही चाकांना ड्रम ब्रेक. देवगडच्या बाजूला एका मांगरात (घराबाहेरच्या शेडमध्ये) उभी होती. मालक वारलेले, इंजिन जाम, टायर बसलेले, मागच्या सीटमध्ये उंदरांनी घर केलेलं. ४५ हजारांत ठरली. किल्ली देताना घरच्या काकी म्हणाल्या, "घेतलंस ता बरा केलंस, पण पावसात भायर ठेव नको." या गाडीबद्दल मला मिळालेला सगळ्यात कामाचा सल्ला तोच.

गाडी बघायला जाणारा प्रत्येकजण पहिल्यांदा विचारतो, इंजिन चालू आहे का? सुरुवातीला मीही लोकांना हेच सांगत होतो की चालू गाडीच घ्या, जाम इंजिनच्या नादी लागू नका. आता माझं मत अगदी उलट झालंय. पद्मिनीचं इंजिन ही गाडीतली सगळ्यात स्वस्तात सुधारणारी गोष्ट आहे. प्लगच्या भोकांतून डिझेल आणि ऑइल सोडून काही दिवस तसंच ठेवलं, मग क्रँकच्या पुलीला मोठा पाना लावून रोज थोडं थोडं मागे-पुढे केलं, आणि इंजिन सुटलं. पुढे कोल्हापूरच्या उद्यमनगरात ब्लॉक बोअर करून (सिलिंडर आतून कातून) घेतला. साधं चार सिलिंडरचं इंजिन. हे काम हातावेगळं करणारे जुने टर्नर कोल्हापुरात अजून आहेत. ओव्हरसाइज पिस्टन, रिंगा, बेअरिंग, व्हॉल्व्ह ग्राइंडिंग, वॉटर पंप आणि कार्ब्युरेटरचं किट धरून ३१ हजारांत विषय संपला. आणि इंजिन जाम आहे म्हटल्यावर विकणारा आपण होऊन पंधरा-वीस हजार खाली येतो, म्हणजे निम्मा खर्च तिथेच वसूल होतो.

इथे एक गोष्ट मात्र करायचीच. हल्ली पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. ते जुन्या रबराला चालत नाही. पेट्रोलचे पाइप आणि पंपाचा डायफ्राम बदलून इथेनॉलला टिकणारे घाला. इथेनॉल पाणी धरतं, त्यामुळे उभ्या गाडीची टाकी आतून गंजते आणि तो गंज कार्ब्युरेटरच्या जेटमध्ये अडकतो. टाकी उतरवून आतून साफ केल्याशिवाय इंजिनला दोष देऊ नका.

आता बॉक्स. मी सारखं बॉक्स बॉक्स करतो म्हणून घरचे वैतागतात, पण निर्णय इथेच होतो, त्यामुळे पुन्हा सांगतो. पद्मिनीला जुन्या जीपसारखी वेगळी चासी (खालचा सांगाडा) नाही. जीपची बॉडी सडली तर बोल्ट सोडून बाजूला ठेवता येते, खालची चासी शाबूत राहते. पद्मिनीत बॉडी हीच चासी. दारांच्या खालून, पुढच्या मडगार्डपासून मागच्या चाकापर्यंत, दोन्ही बाजूंना पत्र्याचा लांब पोकळ बॉक्स जातो. फ्लोअर त्याला जोडलेला, दारांचे खांब त्याच्यावर उभे, आणि गाडीच्या मधल्या भागाची ताकद मुख्यत: त्याच्यात. मागच्या सीटखाली जिथे पाट्याचं (मागच्या लीफ स्प्रिंगचं) पुढचं टोक अडकतं, तो भागही त्याच्या शेजारचाच. हे बॉक्स गेले तर गाडी चालताना मध्ये लवते. दारं घासायला लागतात, काच तडकते आणि अपघातात ती गाडी तुम्हाला वाचवत नाही.

बॉक्स सडतो तो आतून. काचेचं रबर कडक झालं की पावसाचं पाणी डॅशबोर्डमागून पायाशी उतरतं. तिथे मॅटखाली फेल्ट असतं, ते पाणी शोषून धरतं. वरून मॅट कोरडी लागते, खाली फेल्ट दिवाळीपर्यंत ओलं. दाराच्या आणि बॉक्सच्या तळाला पाणी निघायला भोकं असतात, ती चिखलाने बुजतात. स्पॉट वेल्डिंगने जोडलेल्या दोन पत्र्यांच्या फटीत पाणी ओढलं जातं आणि तिथेच राहतं. या पत्र्याला जस्ताचा मुलामा नाही. त्यात गाडी किनाऱ्याची असेल तर खारी हवा आलीच. मीठ ओल धरून ठेवतं आणि गंजाला जोर देतं. गंजाला मूळ लोखंडाच्या कितीतरी पट जागा लागते, म्हणून सांधा फुगतो, उकलतो आणि आणखी पाणी घेतो. बाहेरून रंगाखाली बारीक पुटकुळी दिसते, तेव्हा आतला पत्रा कागद झालेला असतो.

आणि याच ठिकाणी गॅरेजवाले फसवतात. मी ज्यांच्याकडे पहिलं काम दिलं त्यांचं नाव घेत नाही, पण त्यांनी काय केलं ते सांगतो. सडलेला पत्रा कापलाच नाही. त्याच्यावरच नव्या पत्र्याची पट्टी ठेवली, मध्ये मध्ये वेल्डिंगचे ठिपके दिले, फटीत लांबी (पुट्टी) भरली, वरून काळं अंडरकोटिंग मारलं. दिसायला बॉक्स नवा कोरा. आत जुना गंज तसाच, आता तर त्याला हवा लागायची सोयही नाही. एका पावसाळ्यात गंजाने नवी पट्टीही मागून खाल्ली. जॅक घुसल्यावर गाडी घेऊन गेलो तर उत्तर मिळालं, "साहेब, पत्राकामाला गॅरंटी नसते." मी म्हटलं, गॅरंटी मागत नाही, कापायचे पैसे घेऊन कापलं का नाही ते सांगा. बिलावर 'कटिंग करून नवीन पत्रा' असं त्यांच्याच हाताने लिहिलेलं होतं. बराच वेळ आवाज चढले. शेवटी बिलातले निम्मे पैसे परत दिले, तेही चार लोक जमले म्हणून. मला पैशापेक्षा याचा राग आहे की त्या गाडीतून मी घरच्यांना घेऊन घाट उतरलो होतो.

उजवी बाजू उद्यमनगरातल्या एका वयस्कर मेस्त्रींनी केली आहे. डावीचं असं झालं म्हणून उजवीलाही छोटं भोक पाडून आत टॉर्च मारून बघितलं. स्वच्छ! त्यांनी चांगला पत्रा लागेपर्यंत कापत नेलं होतं. कापण्याआधी दोन्ही दारांच्या मधून आडवे पाइप टाकून बॉडी धरून ठेवली होती, नाहीतर कापल्यावर गाडी बसते आणि दारं कायमची बिघडतात. १८ गेजचा सीआरसी (कोल्ड रोल्ड) पत्रा वाकवायच्या मशीनवर वाकवून बॉक्स बनवला, सीओटू वेल्डिंग केलं, आतून प्रायमर दिला, तळाची भोकं मोकळी ठेवली. एका बाजूचे २६ हजार घेतले. तेव्हा मला ते महाग वाटले होते, मी घासाघीसही केली होती. आता डावी बाजूही त्यांच्याचकडे आहे आणि एक रुपया कमी करा म्हटलं नाही. काम चालू असताना जाऊन फोटो काढू देतात, हीच मला त्यांची गॅरंटी वाटते. तुमचा पत्रेवाला फोटो काढू देत नसेल तर गाडी तिथून उचला.

गाडी बघायला जाताना सोबत साधं लोहचुंबक, स्क्रू ड्रायव्हर, टॉर्च आणि जॅक न्या. परवा मेव्हण्यासोबत सांगलीला एक गाडी बघायला गेलो. एक लाख ऐंशी हजार सांगत होते. "दाजी, रंग बघा, आरशासारखा आहे," मेव्हणा खूश. मी रुमालात गुंडाळलेलं चुंबक दारापासून खाली सरकवत आणलं. दारावर घट्ट धरत होतं, बॉक्सवर आलं आणि हातातून सुटून खाली पडलं. जाड लांबी. स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने ठोकलं तर ठण्ण आवाजाऐवजी भिजक्या पुठ्ठ्याचा आवाज. मग पुढचं चाक जॅकवर घेतलं आणि मागचं दार उघडून बघितलं. जमिनीवर असताना सहज लागणारं दार खांबाला घासायला लागलं. म्हणजे बॉडी लवतेय. मालक म्हणाले, बिजागरी सैल आहे. बिजागरी सैल असती तर जमिनीवर असतानाही दार घासलं असतं. आम्ही चहा घेऊन निघालो. मेव्हणा अजून हळहळतो.

मॅट उचलू देत नाहीत तिथे गाडी घेऊ नका. डिकीत स्टेपनी काढून तळ बघा, बॅटरीखालचा ट्रे बघा, पाट्याच्या टोकाशी हात फिरवा. मडगार्ड, दाराचा खालचा काठ, डिकीचं झाकण गंजलेलं असेल तर घाबरू नका, ते सगळं सुटं होतं किंवा सरळ पत्रा लावून भागतं.

कागदांचं थोडक्यात. मालक वारले असतील तर आधी गाडी वारसाच्या नावावर करायला आरटीओचा फॉर्म ३१, मग तुमच्या नावावर करायला २९ आणि ३०. हे विकणाऱ्याकडून पूर्ण झाल्याशिवाय सगळे पैसे देऊ नका. आरसीची मुदत बघा. वीस वर्षांवरच्या कारच्या नूतनीकरणाची फी ऑगस्ट २०२५ पासून १० हजार झाली आहे, शिवाय पर्यावरण कर. मुदत संपून वर्षं लोटली असतील तर महिन्याला ५०० रुपये विलंब शुल्क चढत जातं. ४५ हजारांची गाडी त्यातच साठ-सत्तरला जाते. माझ्या गाडीची मुदत २०२६ पर्यंत होती, म्हणून वाचलो. विंटेज नोंदणीचं आमिष कोणी दाखवलं तर लक्षात ठेवा, त्याला पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं व्हावी लागतात. ८६ च्या गाडीला २०३६ उजाडेल. शिवाय तशी नोंदणी केली की गाडी रोज वापरता येत नाही.

वापराचं म्हणाल तर मी खूश आहे, आणि हे डाव्या बॉक्सच्या रागात असतानाही लिहितो. हँड गिअरचा पहिले काही दिवस त्रास झाला, आता हात आपोआप जातो. रस्त्यावर बारा-तेराचं अ‍ॅव्हरेज देते. ब्रेकला पाय आधीच टाकावा लागतो, पुढच्या गाडीपासून अंतर ठेवून चालवा. किंगपिनला (पुढचं चाक ज्यावर वळतं त्या खिळीला) वेळेवर ग्रीस दिलं तर स्टीअरिंग हलकं राहतं. पावसाळाभर सकाळी चोक ओढला की पहिल्या स्टार्टला उठली, एकदाही दगा दिला नाही. मुंबईची शेवटची काळी-पिवळी पद्मिनी ऑक्टोबर २०२३ मध्ये वीस वर्षं पूर्ण होऊन बंद झाली, त्यामुळे पार्ट मिळणार नाहीत अशी धास्ती होती. इंजिनचे आणि ब्रेकचे पार्ट मला आजही मिळाले, कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरून आणि पुण्याच्या जुन्या बाजारातून. काचेचं चांगलं रबर मात्र अजून शोधतोय. नवं बनवलेलं एक घेतलं, कोपऱ्यात बसत नाही.

माझ्यापुरता हिशेब असा: कागद मुदतीत, दोन्ही बॉक्स घट्ट, इंजिन जाम, अशी गाडी दिसली तर साठ हजारांपर्यंत मी बेधडक घेईन. कराडला अशी एक आहे, मेव्हण्याला तिच्या मागे लावलंय. एक बॉक्स गेलेला असेल तर चांगल्या पत्रेवाल्याचे २६-३० हजार आधीच किमतीतून वजा करून बोला. दोन्ही बॉक्स आणि पाट्याच्या टोकाची जागा गेली असेल तर चालवायला ती गाडी घेऊ नका, कितीही स्वस्त असली तरी. भंगाराच्या भावात मिळाली तर पार्टसाठी जरूर घ्या. दाराचे हँडल, मीटर, ग्रिल, बंपर, गिअरबॉक्स आणि काचा निघतात, आणि कधी नशिबाने काचेचं जुनं पण मऊ राहिलेलं रबरही. तसं कोणाकडे असेल तर मला कळवा, योग्य पैसे देईन.